चूक झाली, आता पुढे? नवखा ट्रकचालक शिकतो कसा

गोदामाच्या आवारात एक नवखा ड्रायव्हर ट्रेलर मागे घेतोय. ट्रेलर डावीकडे वळवायचाय आणि डाव्या आरशात जागा मोकळी दिसतेय, म्हणून त्याचं सगळं लक्ष तिकडेच. ट्रेलर जसजसा तिरका होतो, तसतसा उजव्या आरशातून त्याचा मागचा कोपरा दिसेनासा होतो. नेमका त्याच कोपऱ्याजवळ खांब आहे. धडक बसते, मागचा दिवा फुटतो, पत्रा आत जातो. इजा कुणालाच नाही, नुकसानही किरकोळ.

यानंतर बहुतेक ठिकाणी जे होतं, ते ठरलेलं असतं. कुठे चारचौघांत झापलं जातं, कुठे भरपाई पगारातून वळती होते, तर कुठे एखादा जुना ड्रायव्हर "अरे, होतं सगळ्यांचंच" म्हणून पाठीवर थाप मारतो. थाप मारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तिन्ही ठिकाणी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तो खांब तुला शेवटचा कधी दिसला होता? हे त्याच्याकडून काढून घेतलं नाही, तर चूक झाली एवढंच त्याला समजतं. नेमकी कुठे झाली, ते समजत नाही. मग पुढच्या वेळी तो जास्त घाबरून, पण त्याच पद्धतीने गाडी मागे घेतो.

ठेच लागली की माणूस शहाणा होतो, असं आपण सहज म्हणतो. ट्रक चालवण्याच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे, कारण इथे चूक आणि तिचा परिणाम यांची गाठ क्वचितच पडते. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून चालणारा ड्रायव्हर शेकडो वेळा सुखरूप पोचतो. पोचला की त्याचा समज पक्का होतो: एवढं अंतर पुरतं. म्हणजे रस्ता त्याला रोज काहीतरी शिकवतो आहे, पण चुकीचं शिकवतो आहे. आणि ज्या दिवशी पुढचा अचानक ब्रेक मारतो, त्या दिवशी हा म्हणतो, "त्याने मध्येच ब्रेक मारला, मी काय करणार?" दोष पुढच्याचा, नाहीतर नशिबाचा. शिकायची संधी आली आणि गेली.

म्हणूनच नवख्याला नुसते किलोमीटर देऊन भागत नाही. त्याच्या चुका त्याच्यासोबत बसून उलगडून दाखवणारं कुणीतरी लागतं. जादा प्रशिक्षण म्हणतात ते मुळात हेच. ते कसं द्यावं याकडे वळण्याआधी नवख्याच्या चुका येतात कुठून ते पाहू. त्यातल्या बऱ्याच निष्काळजीपणातून येत नाहीत. छोट्या गाडीवर बसलेल्या आणि तिथे अगदी बरोबर असलेल्या सवयींतून येतात.

छोट्या गाडीच्या सवयी मोठ्या गाडीत

आधी थांबण्याचं अंतर घेऊ. अमेरिकेत व्यावसायिक चालकांना जे माहितीपुस्तक अभ्यासावं लागतं, त्यात ताशी ५५ मैलांचा, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरचा हिशेब दिलेला आहे. समोरचं संकट डोळ्यांना दिसून डोक्यात शिरेपर्यंत ट्रक ४३ मीटर पुढे गेलेला असतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी सुमारे १९ मीटर. मग ब्रेक धरून गाडी थांबेपर्यंत ६६ मीटर. एकूण १२८, आणि तेही कोरड्या चांगल्या रस्त्यावर. त्यात एअर ब्रेकची भर पडते. पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात आणखी १० मीटर जातात. कारमधून आलेल्या माणसाला पाय टेकवताच पकड जाणवायची सवय असते. इथे पाय टेकवल्यावर क्षणभर काहीच होत नाही, आणि तो घाबरून पेडल पार तळाशी दाबतो.

या १२८ मीटरांपैकी जवळपास निम्मे मीटर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात. ब्रेक कितीही चांगले असोत, हा निम्मा भाग लांब बघण्याच्या सवयीनेच आटोक्यात येतो. नवख्याची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळलेली असते. मुरलेला ड्रायव्हर त्या गाडीच्या पुढची, तिच्याही पुढची गाडी बघत असतो.

यात भल्याभल्यांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. रिकामा ट्रक लवकर थांबेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अवजड गाडीचे ब्रेक, स्प्रिंगा, टायर हे सगळं भरलेल्या वजनासाठी बनवलेलं असतं. रिकाम्या गाडीची चाकं रस्त्याला तेवढी घट्ट टेकत नाहीत. जोरात ब्रेक लावला की ती उसळतात, लॉक होतात आणि गाडी घसरते. त्यामुळे रिकाम्या गाडीला थांबायला कधीकधी भरलेल्या गाडीपेक्षाही जास्त जागा लागते. माल उतरवून मोकळ्या मनाने परत निघालेल्या नवख्याला हे कुणी आधी सांगितलं नसेल, तर ते पहिल्या पावसात कळतं.

वळणाचंही असंच. कार वळणावर जास्त वेगात गेली तर आधी टायर किंचाळतात, गाडी घसरायला लागते, म्हणजे इशारा मिळतो. भरलेल्या ट्रकचा भार उंचावर असतो. गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.४ पट इतक्या आडव्या जोराला असा ट्रक कलंडू शकतो; साध्या कारला कलंडायला त्याच्या दुपटीहून जास्त जोर लागतो, आणि तिथवर पोचायच्या आधीच ती घसरते. त्यातून जोडगाडीत ट्रेलर आधी कलायला लागतो. पुढे केबिनमध्ये बसलेल्याला ते जाणवतं तेव्हा सावरायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून "मला जाणवेल तेव्हा वेग कमी करीन" हा कारमधला शहाणपणा इथे जीवघेणा आहे. वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. वळणावरच्या फलकावर लिहिलेला वेग कारला ठीक असला, तरी उंच भरलेल्या ट्रकला जास्त असू शकतो. अर्धा भरलेला टँकर तर आणखी अवघड, कारण आतला द्रव वळणावर एका बाजूला धावतो आणि गाडीला त्याच बाजूला ढकलतो.

उतार

उतारावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवख्याच्या चुकीची सगळी रचना तिथे उघडी दिसते.

४० टन वजनाचा ट्रक ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर तो थांबवायला सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. आता हाच ट्रक ५०० मीटर उंचीवरून खाली आणायचा आहे. त्याची ऊर्जा भरते जवळजवळ २०० मेगाज्यूल. म्हणजे तो उतार उतरणं हे ताशी ८० च्या वेगातून वीस वेळा पूर्ण थांबण्यासारखं आहे, तेही मध्ये गार व्हायला उसंत न देता. थोडी ऊर्जा वाऱ्यात आणि टायरांत जिरते. बाकीची कुणीतरी गिळावी लागते, एक तर इंजिनाने किंवा ब्रेकने.

नवखा काय करतो? माथ्यावरून चढाच्या शेवटच्या वेगातच, वरच्या गिअरमध्ये पुढे सरकतो. कुणी तर इंधन वाचवायला न्यूट्रल करतो, आणि तिथेच इंजिनाची मदत संपते. गाडी वेग घेते, तो ब्रेक दाबतो, वेग कमी होतो. सगळं ठीक चाललंय असं वाटतं, आणि पहिले एक-दोन किलोमीटर ते खरंच ठीक असतं. फसगत तिथेच आहे, कारण चुकीची पद्धत सुरुवातीला उत्तम चालते.

आत मात्र ब्रेकचा ड्रम तापतो आहे. तापलेला लोखंडी ड्रम फुगतो, म्हणजे लायनरपासून (ड्रमला आतून घासून वेग धरणाऱ्या पट्टीपासून) दूर जातो, आणि लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावं लागतं. लायनर स्वतःही तापलेला असतो, त्याची पकड ढिली पडते. समोर हवेच्या दाबाचा काटा अगदी जागेवर असतो, त्यामुळे काट्याकडे पाहून काहीच कळत नाही. कळतं ते पायाला, कारण तेवढ्याच परिणामासाठी पेडल आधीपेक्षा खोल दाबावं लागतं. आणि नाकाला, जळका वास येतो म्हणून. हे दोन इशारे ओळखता येणं म्हणजे अर्धं शिक्षण झालं. न ओळखणारा घाबरून खालचा गिअर टाकायला जातो. एवढ्या वेगात खालचा गिअर पडत नाही, वरचाही हातातून सुटतो, आणि आता गाडी न्यूट्रलमध्ये, तापलेल्या ब्रेकवर.

बरोबर रीत माथ्यावर सुरू होते, म्हणजे चूक करायची संधी यायच्या आधीच. उतार लागण्यापूर्वी खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाला गाडी धरून ठेवू द्यायची. सुरक्षित वेग मनाशी पक्का करायचा. गाडी त्या वेगाला पोचली की ब्रेक ठामपणे दाबून वेग साधारण ८ किलोमीटरने खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. वेग पुन्हा वर आला की पुन्हा तेच. हलका पाय सतत टेकवून ठेवणं सौम्य वाटतं, म्हणून नवख्यांना ते आवडतं. पण त्यात ब्रेकना गार व्हायला क्षणाचीही फुरसत मिळत नाही.

वर्गात फळ्यावर हे दहा मिनिटांत सांगून होतं. पण जो एकदा चुकीच्या गिअरमध्ये उतरून, सुदैवाने खाली पोचून, ब्रेकचा वास घेऊन आलेला आहे, त्याला त्याच दिवशी हे सांगितलं तर ते वेगळ्या ताकदीने आत जातं. त्याचा अनुभव ताजा असतो, त्यामागचं कारण त्याला माहीत नसतं, आणि ऐकायची तयारी पूर्ण असते. ही वेळ फार मोलाची आहे. आठवड्याभरात तो दोनदा तसाच सुखरूप उतरला की ती निघून जाते.

चूक एकाच जातीची नसते

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी माणसाच्या चुकांची जी वाटणी केली, ती इथे फार कामाची आहे. सोप्या भाषेत ती अशी. कधी माणसाला काय करायचं ते नीट माहीत असतं, पण हात चुकतो किंवा लक्ष सुटतं. कधी तो ठरवून, मन लावून करतो, पण त्याची समजच चुकलेली असते. आणि कधी नियम माहीत असून तो मुद्दाम मोडतो.

खांबाला धडकलेल्या आपल्या ड्रायव्हरचंच बघा. वळताना आंधळी होणारी बाजू त्याला माहीत होती आणि मागून कुणी हाक मारल्याने एक क्षण लक्ष उडालं, तर गोष्ट वेगळी. ट्रेलर तिरका झाला की उलट्या बाजूचा आरसा निकामी होतो हेच त्याला ठाऊक नव्हतं, तर वेगळी. आणि खाली उतरून बघायला हवं हे माहीत असूनही मागे रांग लागलीय, मुकादम ओरडतोय म्हणून तो उतरला नाही, तर आणखी वेगळी. फुटलेला दिवा तिन्हींत सारखाच दिसतो.

उपाय मात्र वेगवेगळे. समज चुकली असेल तर शिकवणं हाच उपाय, आणि ते लवकर लागू पडतं. लक्ष सुटत असेल तर तीच माहिती पुन्हा ऐकवण्यात अर्थ नाही. त्याला सराव हवा, पुरेशी झोप हवी, आणि एक ठरलेला क्रम अंगवळणी पडायला हवा. गाडी मागे घेण्याआधी उतरून भोवती चक्कर मारायची, ही सवय अशीच अंगवळणी पाडावी लागते. ती एकदा लागली की "आज गरज आहे का" असा विचारही मनात येत नाही. तिसऱ्या प्रकारात ड्रायव्हरला वर्गात बसवून काही मिळत नाही, कारण त्याला उत्तर आधीच पाठ असतं. तिथे रांग, वेळापत्रक आणि ओरडणारा माणूस यांच्याकडे बघावं लागतं. पोचायची वेळच अशी लावलेली असेल की नियम पाळून ती गाठता येत नाही, तर प्रशिक्षणाची गरज वेळ लावणाऱ्याला आहे.

शिकवण्यानेही नुकसान होऊ शकतं

नॉर्वेमध्ये १९७९ पासून नव्या कारचालकांना घसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. कल्पना कुणालाही पटावी अशी: गाडी घसरली तर कशी सावरायची ते आधीच शिकवून ठेवावं. पुढे पाहणी केली तेव्हा घसरड्या रस्त्यावरचे तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. सावरण्याची युक्ती थोडीशी आली होती, पण आपल्याला ती येते हा भरवसा त्याहून जास्त वाढला होता. भरवसा वाढला की वेग वाढतो.

स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगरसन यांनी १९९६ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात याचं कारण आणखी स्पष्ट झालं. शिकाऊ चालकांच्या एका गटाला अवघड प्रसंगी गाडी हाताळण्याचं कसब शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच प्रसंगांत आपलं कसब किती तोकडं पडतं ते अनुभवायला दिलं. नंतर दोन्ही गटांची परीक्षा घेतली तेव्हा हातातलं कौशल्य सारखंच निघालं. पण पहिला गट स्वतःला होता त्याहून बराच तरबेज समजत होता.

हे प्रयोग ट्रकवाल्यांवरचे नाहीत. तरी जादा प्रशिक्षण आखणाऱ्याने ते उशाशी ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. चूक केलेल्या ड्रायव्हरला मैदानावर नेऊन, शंकूंमधून गाडी काढायला लावून, टाळ्या वाजवून परत पाठवलं, तर तो आधीपेक्षा धोकादायक होऊन परत जाऊ शकतो. घसरणारा ट्रक सावरता येतो हे त्याला दाखवायचं नसतं. अमुक वेगाच्या पुढे तो कुणालाच सावरत नाही, हे त्याला अंगावर जाणवलं पाहिजे.

ग्रेगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं त्याच वर्षीचं दुसरं काम मला त्याहून उपयोगी वाटतं. स्वीडनच्या दूरसंचार खात्यातल्या चालकांचे त्यांनी गट पाडले. एका गटाला गाडी चालवण्याचं प्रशिक्षण, एका गटाला अपघात न केल्यास बक्षीस, एका गटात माहितीपत्रकं आणि प्रचार, आणि एका गटात नुसती चर्चा: चालकांनी छोट्या गटात बसायचं, रस्त्यावरच्या आपल्या अडचणी मांडायच्या, आणि प्रत्येकाने आपण काय बदलणार ते स्वतः ठरवायचं. सगळ्यांत चांगला परिणाम या चर्चेच्या गटात दिसला. स्वतःच्या तोंडाने सांगितलेली चूक आणि स्वतः ठरवलेला उपाय माणूस जास्त पाळतो.

दिवा लागतो, पण समजावतं कोण?

आता बऱ्याच ट्रकमध्ये कॅमेरे आणि सेन्सर असतात. जोरात ब्रेक लागला, गाडी झटक्यात वळली की आधीच्या-नंतरच्या काही सेकंदांचं चित्रण साठवलं जातं. यामुळे एक फार मोठी गोष्ट शक्य झाली आहे. पूर्वी अपघात झाला तरच चूक दिसायची. आता थोडक्यात हुकलेले प्रसंगही दिसतात, आणि शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त तिथेच असतं.

पण यंत्र बसवलं म्हणजे काम झालं असं नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, २०१७ मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष छापले. तेल आणि वायू उद्योगाला सेवा देणाऱ्या गाड्यांवर तो केला होता. काही चालकांना चुकीच्या क्षणी केबिनमध्ये फक्त इशाऱ्याचा दिवा दिसायचा. काहींना दिवा तर दिसायचाच, शिवाय पर्यवेक्षक नंतर त्यांच्यासोबत बसून चित्रण बघायचा आणि बोलायचा. नुसता दिवा मिळालेल्यांच्या वागण्यात, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. ज्यांच्याशी माणूस बसून बोलला, त्यांच्या धोकादायक सवयी कमी झाल्या. त्याआधी २०१० मध्ये व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी दोन मालवाहतूक कंपन्यांत असंच कॅमेरा आणि संवाद यांचं एकत्र मोजमाप केलं होतं. धोक्याचे प्रसंग एका कंपनीत ३७ टक्क्यांनी आणि दुसरीत ५२ टक्क्यांनी घटले.

हा संवाद कसा व्हावा? पहिलं म्हणजे लवकर, जमल्यास एक-दोन दिवसांत. दुसरं, चित्रण लावून ड्रायव्हरला आधी बोलू द्यावं: इथे तू काय बघत होतास? इथे काय होईल असं वाटलं? प्रशिक्षकाने पहिल्याच वाक्यात चूक सांगून टाकली की समोरचा बचावात जातो आणि मग खरं कारण बाहेर येत नाही. तिसरं, एका बैठकीत एकच गोष्ट. आणि मग दोघांनी त्याच गाडीतून, शक्य तर त्याच जागी जाऊन ती करून बघायची. अशा फेरीत ड्रायव्हरने जे दिसतंय ते मोठ्याने बोलत गाडी चालवावी, ही जुनी पद्धत अजूनही फार उपयोगी आहे. "पुढे डावीकडून रस्ता येतोय, मोटारसायकल थांबलीय, आरसा बघितला, पाय काढला." तो काय बोलत नाही, त्यावरून प्रशिक्षकाला कळतं की त्याच्या नजरेतून काय सुटतंय.

यासाठी ड्रायव्हरने खरं सांगायला हवं, आणि खरं सांगणाऱ्याचा पगार कापला जात असेल तर कुणी सांगणार नाही. विमान वाहतुकीत हे फार आधी ओळखलं गेलं. नासा १९७६ पासून वैमानिकांचे गोपनीय अहवाल गोळा करते, आणि नकळत झालेली चूक ठरावीक मुदतीत स्वतःहून कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळते. ट्रकच्या धंद्यात असं वातावरण एखादा मालकही आपल्यापुरतं तयार करू शकतो. मर्यादा मात्र स्पष्ट हवी. दारू पिऊन किंवा हातात मोबाइल धरून चालवणं हे "शिकताना झालेली चूक" या खात्यात टाकता येत नाही.

कायदा किती तास देतो

६ एप्रिल २०१८ ला कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात हम्बोल्ट ब्रॉन्कोज या तरुणांच्या आइस हॉकी संघाची बस आणि दोन ट्रेलर जोडलेला ट्रक यांची एका चौकात धडक झाली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. ट्रकचालकाला कामाला लागून काही आठवडेच झाले होते. चौकाआधीचे चार फलक आणि चौकातला लुकलुकत्या दिव्याचा थांबण्याचा मोठा फलक, यांतलं काहीच त्याच्या ध्यानात आलं नाही. ट्रेलरवरच्या फडफडणाऱ्या ताडपत्रीकडे त्याचं चित्त लागलं होतं, असं न्यायालयात पुढे आलं. त्याला ८ वर्षांची शिक्षा झाली.

या घटनेकडे मी दोन्ही बाजूंनी बघतो. त्याची जबाबदारी होतीच, आणि ती त्याने न्यायालयात मान्यही केली. पण नवख्याच्या मेंदूत काय चाललेलं असतं तेही यात दिसतं. मुरलेल्या ड्रायव्हरचे हातपाय आपोआप चालतात, त्यामुळे मन रस्त्यासाठी मोकळं राहतं. नवख्याचं मन गिअर, आरसे, लांबी, रस्ता शोधणं यांतच जवळजवळ संपलेलं असतं. त्यात ताडपत्रीसारखी एक काळजी शिरली की फलक बघायला मन उरत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबायचं आणि आधी ती काळजी मिटवायची, हे साधं वाटलं तरी शिकवावंच लागतं. शिवाय थांबल्याबद्दल कुणी ओरडणार नाही याची खात्रीही नवख्याला द्यावी लागते.

त्यानंतर २०१९ मध्ये सस्कॅचवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या प्रांतांनी अशा जोडगाड्या चालवू पाहणाऱ्यांना १०० हून जास्त तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. ऑन्टारिओने ते २०१७ मध्येच केलं होतं. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, पण तासांची किमान अट नाही. जमलं की नाही ते प्रशिक्षक ठरवतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रातला अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे.

युरोपीय संघाची पद्धत मला मुळात जास्त समजूतदार वाटते. तिथे २००३ च्या निर्देशापासून चालत आलेल्या नियमानुसार सुरुवातीच्या पात्रतेखेरीज प्रत्येक व्यावसायिक ट्रकचालकाला दर ५ वर्षांनी ३५ तास पुन्हा शिकायला बसावं लागतं, मग त्याच्या हातून काही झालेलं असो वा नसो. सगळेच जातात, त्यामुळे जाण्यात कमीपणा उरत नाही. पण संघातून बाहेर पडल्यावरही हीच पद्धत ठेवलेल्या ब्रिटनमध्ये या ३५ तासांच्या शेवटी परीक्षा नसते, आणि नुसती हजेरी लावून तास भरणारेही निघतात. तास मोजणं सोपं आहे. माणूस बदलला का हे बघायला कुणीतरी पुन्हा शेजारी बसावं लागतं. जादा प्रशिक्षणानंतर महिन्याभराने अशी एक फेरी व्हायलाच हवी. नवी सवय पहिल्या आठवड्यात उत्साहाने पाळली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, घाईच्या दिवशी, हळूच सुटते. ती तेव्हाच पकडली तर पुन्हा बसवणं कठीण नसतं.

शेजारी बसणारा माणूस कसा असावा याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. अमेरिकी नियमात प्रशिक्षकाला किमान २ वर्षांच्या अनुभवाची अट आहे. तेवढा अनुभव हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. उत्तम ड्रायव्हरला आपण नेमकं काय करतो हे बऱ्याचदा शब्दांत सांगता येत नाही, कारण ते त्याच्या हातात मुरून गेलेलं असतं. "अंदाजाने घे" एवढंच तो म्हणतो. नवख्याकडे तर अंदाजच नसतो. म्हणून प्रशिक्षक निवडताना त्याने किती वर्षं गाडी चालवली यासोबत एक गोष्ट करून बघावी. त्याला ट्रेलर मागे घ्यायला सांगावं, आणि घेताना प्रत्येक हालचाल का करतोय ते बोलायला सांगावं: आता स्टेअरिंग उलटं का फिरवलं, आता का थांबलो, कुठल्या आरशातून काय गेलं, खाली उतरून काय बघणार आहे. ज्याला हे बोलता येतं, त्याच्या शेजारी नवख्याला बसवावं. आणि त्या दिवसांचा पूर्ण पगार दोघांनाही द्यावा, म्हणजे शिकवण्याची घाई कुणालाच होणार नाही.